सिप्रोच्या गोळीबरोबर ऍसिडिटीचं गुलाबी औषध चालतं का? किती अंतर ठेवायचं?

मिरजेची लेक

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय, कुणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा. बाबांना (वय ७१) लघवीचं इन्फेक्शन झालंय, थंडी वाजून ताप येत होता म्हणून डॉक्टरांनी युरीन कल्चर करायला लावलं, त्यात ई. कोलाय नावाचा जंतू निघाला आणि त्याच्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन सेन्सिटिव्ह (म्हणजे लागू पडणारं) आलं, म्हणून सिप्रो ५०० सकाळ-संध्याकाळ सुरू केलीय. आता बाबांचा पित्ताचा त्रास फार जुना आणि त्यांचं ठाम मत असं की अँटिबायोटिक गरम पडतात, त्यामुळे खाऊन झालं की आधी ते गुलाबी जेल दोन चमचे पितात आणि त्यावर लगेच सिप्रो घेतात, म्हणजे आत अस्तर लागलेलं असलं की गोळी जाळणार नाही. शिवाय सकाळच्या गोळ्यांत हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी असते ती पण त्याच घोटाबरोबर जाते.

काल मावसबहीण आली होती ती म्हणाली की ऍसिडिटीच्या औषधाने अँटिबायोटिक अंगाला लागतच नाही. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला काही होत नाही, सगळेच घेतात. गोळ्या सुरू होऊन आता बऱ्यापैकी दिवस झाले तरी संध्याकाळी ताप परत १०० च्या वर जातोच आहे, म्हणून मला काळजी वाटायला लागलीय. खरंच याच्यामुळे असं होऊ शकतं का? आणि मग बाबांनी पित्तासाठी घ्यायचं तरी काय, कारण जळजळ पण खरी आहे, रात्र रात्र झोपत नाहीत.

काउंटरपलीकडून

ताई, मी स्वतः फार्मासिस्ट आहे, नाशिकला मेडिकल चालवतो. मावसबहीण बरोबर बोलली, सिप्रोच्या बाबतीत तर शंभर टक्के. पण पहिली गोष्ट, ताप अजून येतोय हे आजच्या आज डॉक्टरांना फोन करून सांगा आणि त्याच फोनवर जेल आणि कॅल्शियम एकत्र जात होतं हे पण सांगा. हे त्यांना माहीत नसेल तर ते समजतील की गोळी लागू पडत नाहीये आणि थेट पुढचं जास्त जोरदार औषध किंवा इंजेक्शन सुरू करतील. आधी फोन, मग खालचं वाचा.

आता होतं काय ते. गुलाबी जेल, पांढरं जेल, चघळायच्या पुदिन्याच्या गोळ्या, यातल्या बहुतेकांत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं. डायजीन घ्या, जेल्युसिल घ्या, म्युकेन घ्या, चव आणि रंग वेगळे पण मूळ माल हाच. सिप्रोच्या रेणूत एका बाजूला ऑक्सिजनच्या दोन जागा अगदी शेजारी शेजारी आहेत आणि ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह, झिंक असले धातू समोर आले की त्या दोघांच्या मध्ये चिमट्यात पकडल्यासारखे धरले जातात. एकदा अशी जोडी जमली की ती नीट विरघळत नाही, आतड्याच्या भिंतीतून रक्तात जात नाही, आणि सरळ शौचावाटे बाहेर. म्हणजे गोळी पोटात गेली हे खरं पण अंगात गेलीच नाही. नॉरफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सीफ्लॉक्सासिन हे सगळे सिप्रोचेच भाऊबंद, सगळ्यांना हीच अडचण, कमीजास्त प्रमाणात.

आणि हे थोडंथोडकं नसतं बरं का. माणसांवर मोजून बघितलेलं आहे. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं औषध सिप्रोच्या ५-१० मिनिटं आधी दिलं तर रक्तात पोचणारं सिप्रो साधारण ८५ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे ५०० ची गोळी गिळून जेमतेम ७५ ची गोळी घेतल्यासारखं. दोन तास आधी दिलं तरी तीन चतुर्थांशाहून जास्त वाया, चार तास आधी दिलं तर ३० टक्क्यांच्या आसपास वाया, सहा तास आधी दिलं तर काही फरक नाही. उलट सिप्रो आधी घेतली आणि दोन तासांनी जेल घेतलं तर काहीच नुकसान नाही, कारण तोवर सिप्रो बहुतेक रक्तात गेलेली असते. म्हणून नियम दोन्ही बाजूंनी सारखा नाही, सिप्रो घ्यायची ती जेलच्या २ तास आधी किंवा जेलनंतर ६ तासांनी. बाबा नेमके जी वेळ सगळ्यात वाईट त्याच वेळेला घेतायत, आधी जेल आणि लगेच वरून गोळी.

वेळापत्रक असं लावा. सिप्रो सकाळी ८ आणि रात्री ८. जेल घ्यायचंच असेल तर सकाळी १० ते दुपारी २ च्या मध्ये, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर आरामात बसतं, आणि रात्री १० ते २ च्या मध्ये, म्हणजे झोपताना. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर टाका, तसंही कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबरच जास्त चांगलं लागतं. सकाळच्या मुठीतून कॅल्शियम आजच बाहेर काढा. आणि सिप्रो भरपूर साध्या पाण्याबरोबर.

अजून एक, विचारलं नाहीत तरी सांगतो कारण ७१ वय म्हटलं की कंबरदुखी आलीच. टिझानिडीन नावाचं स्नायू सैल करायचं औषध कंबरेच्या गोळ्यांत असतं, ते सिप्रोबरोबर अजिबात चालत नाही, बीपी एकदम खाली जातं. बाबांकडे तसली जुनी स्ट्रिप पडलेली असेल तर बाजूला ठेवा.

समीर पेठेतला

काउंटरपलीकडून दादा, मला हे कळलं नाही. मला गेल्या वेळी डॉक्टरांनी अँटिबायोटिकबरोबर स्वतःच पॅन ४० लिहून दिली होती, रोज सकाळी उपाशीपोटी. आमच्या घरात तर कुणाच्याही चिठ्ठीवर अँटिबायोटिक असलं की खाली पॅन किंवा रॅनटॅक असतंच. मग डॉक्टर चुकीचं लिहितात का?

काउंटरपलीकडून

नाही नाही, चांगला प्रश्न विचारलात, इथेच लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण आपण सगळ्यालाच "ऍसिडिटीचं औषध" म्हणतो. पॅन म्हणजे पॅन्टोप्राझोल. ती गोळी पोटात विरघळतच नाही, पुढे आतड्यात विरघळते, रक्तात जाते आणि जठराच्या पेशींमधून ऍसिड सोडणारे जे पंप आहेत ते बंद करते. तिच्यात पकडायला धातू नाही, त्यामुळे सिप्रोला चिमटा बसायचा प्रश्न येत नाही. रॅनटॅक, फॅमोटिडीन यांचंही तसंच, त्या रक्तातून काम करतात. सिप्रो, लिव्होफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिन यांच्याबरोबर पॅन चालते. तुमच्या डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही.

जेल मात्र तिथल्या तिथे, जठरात पडल्या पडल्या ऍसिड मारतं, म्हणून लगेच आराम वाटतो आणि म्हणूनच लोकांना ते सोडवत नाही. पण त्यातला ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम तिथेच बसलेला असतो.

पण पॅन सगळ्यांबरोबर बिनघोर असंही नाही. दोन-तीन अँटिबायोटिकना पोटातलं ऍसिड लागतं, ऍसिड नसलं की त्या नीट विरघळत नाहीत. सेफ्युरोक्झिम आणि सेफपोडॉक्झिम या दोन ठळक, आणि दोन्ही आपल्याकडे घसादुखी, सायनस, कफ, सगळ्याला दणकून लिहिल्या जातात. सेफपोडॉक्झिमबरोबर रॅनटॅकच्या गटातली औषधं दिली तर जवळजवळ एक तृतीयांश औषध कमी शोषलं जातं. त्या दोन्ही जेवणाबरोबर घ्यायच्या आणि पॅन खरंच हवी आहे का ते लिहिणाऱ्यालाच विचारायचं.

ठाणेकर केतन

हे एवढं साधं कुणीच का सांगत नाही राव. मेडिकलमध्ये पाकिटावर पेनने दोन उभ्या रेघा मारून देतात सकाळ आणि संध्याकाळ, बस्स.

लेस्टरची वहिनी

केतन, इथे इंग्लंडमध्ये औषधाच्या डब्यावर दुकानातूनच लेबल लावून येतं. माझ्या सिप्रोच्या डब्यावर स्पष्ट छापलेलं होतं की ही गोळी घ्यायच्या आधी आणि नंतर २ तास दूध, अपचनाची औषधं, लोह किंवा झिंक असलेली औषधं घेऊ नका. पेशंटला बाकी काही नाही समजलं तरी तेवढी ओळ डोळ्यासमोर राहते, रोज डबा उघडताना दिसते. भारतात आईला अर्धी स्ट्रिप कापून देतात, माहितीचा कागद खोक्यातच राहतो आणि खोकं दुकानात, त्यामुळे तिच्यापर्यंत काही पोचतच नाही. मी आता तिच्या गोळ्यांच्या डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून चिकटवते, तिचं तिला कळतं मग. पण एक प्रश्न आहे, इथे २ तास लिहितात आणि तुम्ही ६ सांगताय, मग खरं कुठलं धरायचं?

काउंटरपलीकडून

वहिनी, तिकडचं लेबल सगळ्यांना पाठ व्हावं म्हणून सोपं केलेलं असतं. सिप्रोचं सविस्तर माहितीपत्रक तिकडचंच उघडलंत तर त्यात अँटासिडच्या (म्हणजे जेलसारख्या औषधाच्या) १-२ तास आधी किंवा निदान ४ तास नंतर असं आहे, अमेरिकेच्या पत्रकात २ तास आधी किंवा ६ तास नंतर. मी वर दिलेले आकडे बघा, ४ तासांनीसुद्धा बऱ्यापैकी घट शिल्लक राहते, म्हणून मी काउंटरवर ६ च सांगतो. लिव्होफ्लॉक्सासिनला मात्र दोन्ही बाजूंनी २ तास पुरतात. मॉक्सीफ्लॉक्सासिन सगळ्यात नाजूक, ४ तास आधी किंवा ८ तास नंतर.

कोकणातला डॉक्टर

काउंटरवाल्या दादांनी उत्तम सांगितलंय, मी फक्त डॉक्सीसायक्लिनचं सांगतो कारण आमच्या भागात त्याचा संबंध जास्त येतो. पाऊस सुरू झाला, लावणीला लोक चिखलात उतरले की लेप्टोचे पेशंट सुरू होतात, उंदराच्या मुतातून येणारा आजार, पायाला चीर असली की तिथून आत शिरतो. सौम्य लेप्टोला डॉक्सी १०० सकाळ-संध्याकाळ हे साधं, स्वस्त आणि चांगलं औषध आहे. मुंबईतही तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्यांना महापालिका डॉक्सीचा प्रतिबंधक डोस घ्यायला सांगते ती हीच गोळी. विदर्भात स्क्रब टायफसला (बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा ताप) पण हीच.

आता डॉक्सी म्हणजे टेट्रासायक्लिनच्या घराण्यातली, आणि धातू पकडण्याची खोड या घराण्यात सिप्रोच्याही आधीपासून माहीत आहे. लहान मुलांना टेट्रासायक्लिन दिलं की दात पिवळे पडायचे ते याच कारणाने, औषध कॅल्शियमला चिकटून दातातच जाऊन बसायचं. तेच पोटात दुधाच्या, जेलच्या, लोहाच्या बाबतीत होतं. जुन्या टेट्रासायक्लिनचं दुधाबरोबर निम्मं किंवा त्याहून जास्त नुकसान व्हायचं, डॉक्सीचं दुधाबरोबर साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे दूध तितकं घातक नाही, पण ॲल्युमिनियमचं जेल मात्र डॉक्सीलाही मोडून ठेवतं.

मला जे कळकळीने सांगायचंय ते वेगळंच आहे. डॉक्सीची गोळी किंवा कॅप्सूल लोक एका घोटात, कधीकधी कोरडीच, रात्री झोपता झोपता घेतात. ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते. दुसऱ्या दिवशी छातीत जळजळ, गिळताना दुखतं. मग पेशंट म्हणतो गोळी गरम पडली, पित्त झालं, आणि जेल प्यायला लागतो. जेलने डॉक्सी अंगात जात नाही, लेप्टोचा ताप उतरत नाही, आणि तो माझ्याकडे परत येतो तेव्हा डोळे पिवळे झालेले असतात. लेप्टोमध्ये ते दोन-तीन दिवस फार महत्त्वाचे, किडनीवर जायला वेळ लागत नाही. म्हणून मी प्रत्येकाला समोर बसवून सांगतो, पेज नाहीतर भात खाऊन मग गोळी, पूर्ण ग्लासभर पाणी, बसून किंवा उभं राहून, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. एवढं पाळलं की जळजळच होत नाही, मग जेलची गरजच पडत नाही. जेवणाबरोबर डॉक्सी घेतल्याने फारसं काही कमी होत नाही, त्यामुळे उपाशीपोटी घ्यायचा हट्ट करू नका.

लोहाच्या गोळ्यांचं अजून एक. डॉक्सी चालू असताना लोहाची गोळी नुसती लांबच्या वेळेला घेऊन पूर्ण भागत नाही, कारण डॉक्सीचा काही भाग आतड्यात परत परत उतरत असतो आणि तिथे लोह त्याला गाठतं. आठवड्याभराचा कोर्स असतो, तेवढे दिवस लोह थांबवलं तर चालेल का हे डॉक्टरांना विचारून घ्या, बहुतेक वेळा चालतं. गरोदर बाईला आम्ही डॉक्सी देतच नाही त्यामुळे तिथे स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या बंद करायचा विषय नाही.

आणि मिरजेच्या ताई, बाबांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) कधी तपासलंय का? या वयात किडनीचं काम थोडं मंदावलेलं असू शकतं आणि मग रोजच्या जेलमधलं मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम अंगात साठत जातं. अँटिबायोटिकचा विषय बाजूला ठेवला तरी वर्षानुवर्षं रोज जेल पिणं हे दाखवून घेण्यासारखं आहे. पुरुषांना या वयात लघवीचं इन्फेक्शन ताप येण्यापर्यंत गेलं तर प्रोस्टेट पण बघावं लागतं, सोनोग्राफी झाली नसेल तर विचारा.

नॉट सो गोड

जुलाब लागले की आमच्याकडे नॉरफ्लॉक्स-टीझेड आणि दहीभात ही जोडी ठरलेली आहे. मग दही पण कॅल्शियमच ना?

काउंटरपलीकडून

हो, आणि नॉरफ्लॉक्सासिनचं दुधा-दह्याबरोबर जवळजवळ निम्मं नुकसान होतं. सिप्रोचं नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर एक तृतीयांशाच्या आसपास. नॉरफ्लॉक्सासिन जेवणाच्या किंवा दूध-दह्याच्या १ तास आधी नाहीतर २ तासांनंतर घ्यायची असते. दहीभात खा की, जुलाबात चांगलाच आहे, फक्त गोळी आणि दहीभात यांच्यात वेळ सोडा. खरं तर साध्या जुलाबाला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही, ओआरएस लागतं, पण लोक माझ्याकडे येऊन आधी नॉरफ्लॉक्स मागतात आणि ओआरएस सांगितलं की चेहरा पाडतात. चहाचं कुणीतरी विचारेलच म्हणून सांगतो, चहातलं चमचा-दोन चमचे दूध म्हणजे ग्लासभर दूध नव्हे, तरीही गोळी पाण्याबरोबरच घ्या. सिप्रो चालू असताना कॉफी मात्र कमी करा, सिप्रोमुळे कॅफिन अंगातून बाहेर जायला वेळ लागतो, धडधड होते, झोप उडते.

झिंकचं राहिलंच. आपल्याकडे चिठ्ठीवर अँटिबायोटिकच्या खाली "ताकदीची गोळी" म्हणून बी कॉम्प्लेक्स लिहिलेली असते आणि तिच्यात बऱ्याचदा झिंक असतं, मल्टिव्हिटॅमिनमध्ये तर लोह, झिंक, मॅग्नेशियम सगळंच. दोन्ही गोळ्या नाश्त्यानंतर एकत्र असं लिहून येतं आणि पेशंट अगदी प्रामाणिकपणे तसंच घेतो. म्हणून स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरातली यादी वाचायची सवय लावा, त्यात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, आयर्न किंवा फेरस, झिंक यातलं काही दिसलं आणि अँटिबायोटिक सिप्रोच्या किंवा डॉक्सीच्या घराण्यातली असली की ती गोळी दुपारी सरकवा.

वैशू विदर्भातून

मी टीबीच्या पेशंटसोबत काम करते, स्टाफ नर्स आहे. साधी औषधं ज्यांना लागू पडत नाहीत त्या पेशंटच्या गोळ्यांत लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सीफ्लॉक्सासिन असते, आणि ती महिनोन् महिने घ्यायची असते, चार-पाच दिवस नाही. या गोळ्यांनी मळमळ, पोटात आग हे फार होतं, मग घरचे प्रेमाने जेल आणून देतात, दूध देतात, कुणी प्रोटीन पावडर दुधात कालवून त्यातच गोळ्या देतात. इतक्या अवघड औषधाचा डोस असा रोज अर्धवट गेला तर जंतूला त्या औषधाची सवय व्हायला वाव मिळतो आणि मग हातात फार कमी औषधं उरतात. साध्या टीबीतल्या आयसोनियाझिडला पण ॲल्युमिनियमचं जेल अडवतं, ती जेलच्या निदान एक तास आधी घ्यायची.

मी घरी जाते तेव्हा पहिल्यांदा स्वयंपाकघरातलं औषधांचं फडताळ दाखवा म्हणते. तिथे जेलची बाटली दिसली की समजायचं मळमळ होतेय आणि पेशंट आपल्याला सांगत नाहीये. मळमळीवर दुसरी औषधं आहेत, डॉक्टरांना सांगितलं की देतात. जेल लपवून प्यायची गरज नाही हे त्यांना नीट, न रागावता सांगावं लागतं.

आजरेकर

इनो चालतं का मग? त्यात ॲल्युमिनियम नाही म्हणतात.

काउंटरपलीकडून

इनोमध्ये खायचा सोडा आणि सायट्रिक ऍसिड, ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम नाही, त्यामुळे सिप्रोला पकडून ठेवण्याचा प्रश्न तिथे नाही. पण त्यात सोडियम भरपूर, बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी रोज घेऊ नये. शिवाय सोड्याने लघवी अल्कलाइन होते आणि अल्कलाइन लघवीत सिप्रोचे खडे म्हणजे बारीक स्फटिक बनू शकतात. लघवीच्या जळजळीला जे गोडसर सिरप देतात, पाण्यात टाकून प्यायचं, तेही लघवी अल्कलाइनच करतं. ते डॉक्टरांनीच दिलं असेल तर आपल्या मनाने बंद करू नका पण सिप्रोबरोबर चालू ठेवायचं का हे विचारा, आणि पाणी भरपूर प्या.

सुमन ताई सोलापूर

आमच्या नातीला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह चालू आहे आणि मला स्वतःला अझिथ्रोमायसिन दिलंय. हे वाचून आता भीतीच वाटायला लागली सगळ्याची.

कोकणातला डॉक्टर

सुमनताई, घाबरू नका. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हला जेलने फारसा फरक पडत नाही, उलट ते जेवणाच्या सुरुवातीला दिलं की पोटाला सोसतं. सेफिक्झिम आणि मेट्रोनिडाझोलचंही विशेष काही नाही. अझिथ्रोमध्ये जेल एकाच वेळी घेतलं तर रक्तातली सगळ्यात वरची पातळी साधारण पाव हिश्शाने खाली येते पण एकूण औषध तेवढंच शोषलं जातं, तरी दोन तासांचं अंतर ठेवलेलं बरं. इतकंच काय, अल्सर करणाऱ्या एच. पायलोरी जंतूवर उपचार करताना आम्ही मुद्दाम ऍसिड कमी करणारी गोळी आणि अमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन एकत्र देतो, कारण ऍसिड कमी असलं की ती औषधं तिथे जास्त चांगलं काम करतात. म्हणून नुसतं "ऍसिडिटीचं औषध आणि अँटिबायोटिक" असं म्हणून उत्तर देता येत नाही, कुठलं आणि कुठलं ते विचारावं लागतं. थायरॉइडची गोळी घेत असाल तर तीही कॅल्शियम, लोह, जेल यांच्यापासून ४ तास लांब ठेवा.

मिरजेची लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. बाटली फिरवून वाचली, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड दोन्ही आहेत. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले बरं झालं सांगितलंत, ते खरंच औषध बदलायच्या विचारात होते. जेल आत्तापुरतं पूर्ण बंद, सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल, कॅल्शियम दुपारी, आणि सिप्रो ८ आणि ८. उद्या सकाळी बाबांना घेऊन बोलावलंय, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी दोन्ही करणार आहेत, आणि ताप तसाच राहिला तर शिरेतून औषध द्यावं लागेल असं म्हणाले. बाबांना पटवणं अवघड जाईल असं वाटलं होतं पण ५०० ची गोळी घेऊन ७५ चीच लागते हे सांगितल्यावर ते एकदम गप्प झाले, पैशाचा आणि औषधाचा नास त्यांना मुळीच खपत नाही. आता स्वतःच घड्याळ बघतायत.

एकच राहिलं. मावशीकडे सुक्रालफेटचं सिरप पडलंय, ती म्हणते जेलच्या जागी ते दे, ते जेल नाहीये. देऊ का?

काउंटरपलीकडून

नको ताई, अजिबात नको. सुक्रालफेट हे ॲल्युमिनियमचंच संयुग आहे, सिप्रोला ते जेलसारखंच अडवतं. डॉक्टरांनी पॅन दिलीय ना, ती सकाळी ७ ला साध्या पाण्याबरोबर द्या, नाश्ता साडेसातला, सिप्रो ८ ला. पॅनचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर रात्री जळजळ झाली तर उशाकडची बाजू उंच करून झोपवा, जेवण आणि झोप यांच्यात दोन-तीन तास जाऊ द्या, तिखट-तेलकट कमी. आणि उद्या जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, पावडरी एका पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्या, मावशीचं सिरपसुद्धा.